फ्रिज-एसीच्या कॉइलमध्ये द्रव नेमका कुठे संपतो?

तांबेनळी (धागाकर्ता)

एसी किंवा फ्रिज नीट थंड करेना की निदान ठरलेलं: "गॅस कमी झालाय, भरून घ्या." गेज (दाब मोजायचं घड्याळ) लावायचा, एक आकडा बघायचा, थोडा गॅस (म्हणजे आत फिरणारं शीतद्रव्य) सोडायचा. मूळ दोष बऱ्याचदा तसाच राहतो, कारण त्या एका आकड्यावरून खरी कामाची गोष्ट कळत नाही. कूलिंग कॉइलमध्ये उकळणारा द्रव कुठपर्यंत पोचतोय, हे कळलं की निम्मं निदान झालं. म्हणून आधी उष्णतेचा हिशोब मांडतो, मग मोजमापांकडे येऊ. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे स्पष्ट सांगावं.

सुरुवात पाण्यापासून. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल लागतात. २० अंशांचं पाणी १०० अंशांपर्यंत न्यायला झाले ३३५. पण त्याच १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला २२५७ किलोज्यूल मोजावे लागतात. तापमापीतला पारा जागचा हलत नाही आणि पावणेसातपट उष्णता आत जिरते. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. रेणूंना एकमेकांच्या ओढीतून सोडवण्यात तो खर्ची पडतो. उलट दिशेने वाफेचं पाणी होताना तेवढाच्या तेवढा परत मिळतो. शीतकरणाची सगळी इमारत या देवघेवीवर उभी आहे: आत द्रवाची वाफ करायची, बाहेर वाफेचा द्रव करायचा. यंत्र थंडी "बनवत" नाही, उष्णता आतून उचलून बाहेर नेऊन टाकतं.

आता दुसरा धागा. द्रव किती तापमानाला उकळणार, हे त्याच्यावरचा दाब ठरवतो. आर-१३४ए हे शीतद्रव्य वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांना उकळतं. निरपेक्ष दाब (निर्वातापासून मोजलेला) २.९ बार केला की ० अंशांना, १०.२ बार केला की ४० अंशांना. म्हणजे दाब हातात असेल तर उकळण्याचं तापमानही हातात. फ्रीझरच्या कॉइलमध्ये १.३ बार ठेवले तर ते उणे २० ला उकळेल आणि उणे १५ च्या हवेतूनही उष्णता ओढेल, कारण त्याच्या दृष्टीने ती हवा गरमच आहे. मागच्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलमध्ये, १०.२ बार ठेवले तर ३० अंशांच्या खोलीतल्या हवेलाही ते उष्णता देऊन द्रव होईल. उष्णता गरमकडून थंडकडे जाते हा नियम कुठेच मोडलेला नाही. दोन बाजूंना दोन दाब ठेवणं एवढंच कॉम्प्रेसर आणि कॅपिलरी मिळून करतात. कॉम्प्रेसर वाफ दाबून वर चढवतो, कॅपिलरीची बारीक नळी द्रवाला अडवून दाब उतरवते.

प्रवास क्रमाने बघू. कॉम्प्रेसरमधून निघणारी वाफ कंडेन्सिंगच्या तापमानाहून बरीच गरम असते. कंडेन्सरच्या पहिल्या वळणांत ती नुसती निवते, मधल्या बऱ्याच लांबीत स्थिर तापमानाला द्रव होत जाते, शेवटच्या वळणांत तो द्रव आणखी चार-सहा अंश थंड होतो. या शेवटच्या टप्प्याला सबकूलिंग म्हणतात. मग फिल्टर ड्रायर (कचरा आणि ओलावा धरणारी डबी), कॅपिलरी आणि कूलिंग कॉइल. तिथे तो उकळत उकळत संपतो आणि शेवटच्या थोड्या लांबीत नुसती वाफ तापते. हे सुपरहीट. कंडेन्सर बाहेर टाकतो ती उष्णता म्हणजे आत उचललेली उष्णता अधिक कॉम्प्रेसरचं काम, म्हणून तो नेहमी आतल्या कॉइलपेक्षा जास्त उष्णता वाहतो.

या वर्तुळात गॅस "वापरला" कुठेच जात नाही. कमी झाला असेल तर तो गळला आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा गळणारच.

अर्धवर्तुळ

छान मांडणी. एक शंका: कॅपिलरीतून बाहेर पडताना गॅस प्रसरण पावतो म्हणून थंड होतो असंच सगळीकडे वाचलं आहे. तुम्ही मात्र उकळण्यावर भर दिलाय. मग ४० अंशांचा द्रव कॉइलमध्ये शिरता शिरता उणे २० होतो तो कशाने?

तांबेनळी

@अर्धवर्तुळ, फार महत्त्वाचा प्रश्न. कॅपिलरीत शिरतो तो द्रव असतो, गॅस नव्हे. दाब उतरला की ४० अंशांचा द्रव त्या दाबाला "फार गरम" ठरतो आणि त्यातला काही भाग लगेच उकळतो. या उकळण्याला लागणारी उष्णता बाहेरून मिळत नाही, ती उरलेल्या द्रवातूनच काढली जाते, म्हणून तो उणे २० पर्यंत घसरतो. आर-१३४ए चा हिशोब केला तर दर १०० ग्रॅममधले जवळजवळ ३९ ग्रॅम या स्व-थंडाव्यातच वाफ होऊन जातात. कॉइलमध्ये उपयोगी पडायला उरतात ६१. उणे २० ला त्याचा अप्रकट उष्मा किलोमागे २१३ किलोज्यूल आहे, पण पदरात पडतात सुमारे १३०.

सबकूलिंगची किंमत इथे कळते. तोच द्रव ४० ऐवजी ३५ अंशांनी कॅपिलरीत शिरला तर वाया जाणारा वाटा ३९ वरून ३५ वर येतो आणि मिळणारा थंडावा १३० वरून १३७ च्या पुढे जातो. कॉम्प्रेसरला जादा काम पडत नाही. फ्रिजमध्ये कॅपिलरी सक्शनच्या, म्हणजे कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे वाफ परत नेणाऱ्या, नळीला डाग देऊन जोडलेली असते ती याचसाठी: परतणारी थंड वाफ येणाऱ्या द्रवाला आणखी निववते. दुरुस्तीत हा जोड सुटला आणि नळ्या मोकळ्या सोडल्या तर फ्रिज चालतो, पण पहिल्यासारखा थंड करत नाही.

गेजवाला

मुख्य लेखाशी पूर्ण सहमत. मोजायचं कसं ते लिहितो. उदाहरण आर-३२ या शीतद्रव्यावर चालणाऱ्या स्प्लिट एसीचं घेतो.

आधी तयारी: फिल्टर धुतलेला, पंखा सर्वांत जोरात, खोली बंद, यंत्र किमान १५ मिनिटं चाललेलं. इन्व्हर्टर असेल तर टेस्ट मोडमध्ये ठराविक वेगाने चालवा. वेग सतत बदलत असताना घेतलेल्या आकड्यांना अर्थ नसतो.

मग जाड नळीच्या (सक्शनच्या) सर्व्हिस व्हॉल्व्हला गेज लावा. समजा ८.५ बार दिसले, म्हणजे साधारण १२३ पीएसआय. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, त्यात १ मिळवा: निरपेक्ष ९.५ बार. आर-३२ च्या तक्त्यात या दाबाला उकळण्याचं तापमान ५ अंश आहे. आता त्याच व्हॉल्व्हजवळ जाड नळीवर क्लॅम्पचा तापमापी बसवा. नळी आधी घासून पुसा आणि वरून इन्सुलेशन गुंडाळा, नाहीतर तो बाहेरच्या हवेचं तापमान दाखवेल. नळी ११ अंश असेल तर सुपरहीट ११ वजा ५, म्हणजे ६. उत्तम. द्रव कॉइलच्या टोकाशी येऊन संपतोय, जवळजवळ सगळी कॉइल कामाला लागली आहे.

नळी २४ अंश असेल तर सुपरहीट १९. द्रव मध्येच कुठेतरी संपला, पुढची कॉइल नुसती वाफ तापवत बसली आहे. वाफेची उष्णता उचलण्याची ताकद उकळणाऱ्या द्रवापुढे नगण्य, म्हणून तेवढी कॉइल असून नसल्यासारखी. आणि नळी साडेपाच अंश असेल तर सुपरहीट जवळजवळ शून्य: द्रव कॉइलमध्ये न संपता कॉम्प्रेसरकडे निघालाय. तो तेल पातळ करतो, बेअरिंगचं वंगण धुऊन नेतो, व्हॉल्व्हची पाती मोडतो. कॉम्प्रेसर वाफेसाठी बनवलेला आहे, द्रव दाबला जात नाही.

सबकूलिंगची एक मेख आहे. बहुतेक घरगुती स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बाहेरच्या युनिटमध्येच असतो. त्यामुळे आत जाणाऱ्या बारीक नळीत दाब उतरलेलं द्रव-वाफेचं थंड मिश्रण असतं, आणि तिच्यावर सबकूलिंग मोजणं चूक आहे. बाहेरच्या युनिटचं झाकण काढून कंडेन्सरच्या मधल्या एखाद्या वळणाचं तापमान घ्या, ते जवळपास कंडेन्सिंगचं तापमान. मग कॅपिलरीच्या अलीकडे, कंडेन्सरच्या बाहेर पडणाऱ्या नळीचं घ्या. फरक ४ ते ८ अंश असावा. याच कारणाने बारीक आणि जाड अशा दोन्ही नळ्यांना वेगवेगळं इन्सुलेशन लागतं. दोन्ही एकाच आवरणात गुंडाळू नका.

निळीज्योत

गेजवाला यांनी पाया घातला, त्यावर निदान रचतो. सक्शनचा दाब कमी दिसला की तीन शक्यता असतात आणि तिन्हींचा उपाय वेगळा.

हवा कमी मिळतेय: फिल्टर तुंबला, ब्लोअरच्या पात्यांवर मळ बसला, कॉइल मळली. द्रवाला उकळायला उष्णताच मिळत नाही, म्हणून तो संपत नाही. सुपरहीट कमी.

गॅस कमी: द्रव लवकर संपतो, सुपरहीट जास्त. कंडेन्सरमध्येही द्रव साठायला उरत नाही, म्हणून सबकूलिंग जवळजवळ शून्य. बाहेरचा दाबही पडलेला.

कॅपिलरी किंवा ड्रायर चोक (तुंबलेला): इथेही कॉइल उपाशी, सुपरहीट जास्त. पण अडलेला द्रव कंडेन्सरमध्ये तुंबून राहतो, म्हणून सबकूलिंग वाढतं. ड्रायर तुंबला असेल तर त्याच्या दोन टोकांना हात लावून बघा. पुढचं टोक मागच्यापेक्षा स्पष्ट थंड लागलं, किंवा त्यावर दव आलं, तर दाब तिथेच उतरतोय.

गॅस कमी आणि चोक या दोघांत सुपरहीट सारखंच, फरक सांगतं ते सबकूलिंग. हे न मोजता चोक असलेल्या यंत्रात गॅस भरला की तो कंडेन्सरमध्ये जाऊन बसतो, डिस्चार्जचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचा) दाब चढतो, सक्शन तसंच राहतं. मग "अजून थोडा" भरला जातो आणि शेवटी कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर ट्रिप होतो.

डिस्चार्जचा दाब चढण्याची आणखी कारणं: बाहेरची कॉइल मळलेली, पंखा मंद, बाहेर टाकलेली गरम हवा फिरून परत कॉइलवर येते, गॅस जास्त भरलाय, किंवा आत हवा शिरलीय. साधारणपणे कंडेन्सिंगचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा १० ते १५ अंश वर असतं. २० च्या पुढे गेलं की शोध घ्या. नुकसान दुहेरी आहे: कॉम्प्रेसरला जास्त चढ चढावा लागतो, आणि द्रव जास्त गरम असल्याने तांबेनळी यांनी सांगितलेला वाया जाणारा वाटाही वाढतो.

आत हवा आहे का हे ओळखण्याची सोपी कसोटी: यंत्र बंद करा, दोन्ही युनिट आजूबाजूच्या तापमानाला येऊ द्या. ३० अंशांना आर-३२ चा निरपेक्ष दाब १९.३ बार, म्हणजे गेजवर १८.३ दिसायला हवेत. २० दिसले तर ते जादाचे बार हवेचे किंवा नायट्रोजनचे. हवा त्या तापमानाला कधीच द्रव होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते आणि आपला दाब वर चढवते. गॅस काढून, व्हॅक्यूम करून, वजनाने पुन्हा भरणं हा एकच इलाज.

अर्धवर्तुळ

चोकचा भाग आता लख्ख कळला. तांब्याची कॉइल जास्त थंड करते आणि अॅल्युमिनियमची कमी, यात उष्णतेच्या दृष्टीने किती तथ्य?

झोतहवा

फार थोडं. तांब्याची वाहकता सुमारे ४००, अॅल्युमिनियमची २०० ते २३७ वॅट प्रति मीटर केल्विन. ऐकायला दुप्पट फरक. पण नळीची भिंत जेमतेम ०.३ मिलिमीटर, तिचा विरोध नगण्य. उकळणारा द्रव आतून प्रति चौरस मीटर, प्रति अंश काही हजार वॅट सहज उचलतो. अडतं ते बाहेर, हवेपाशी. पंख्याच्या झोतातही हवेचा हाच आकडा ५० च्या आसपास राहतो. नळीचं क्षेत्र पत्र्यांनी, म्हणजे फिन्सनी, पंधरा-वीसपट वाढवतात ते हवेचा हा दुबळेपणा भरून काढायला. तेव्हा कॉइलची ताकद फिन्सच्या क्षेत्रात आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या हवेत असते. फिन्समध्ये अर्ध्या मिलिमीटरचा धुळीचा थर बसला तर तांबं-अॅल्युमिनियमच्या फरकापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं. धातूची निवड गंज आणि दुरुस्ती या मुद्द्यांवर करावी. अॅल्युमिनियमला छिद्र पडलं तर जोडणं अवघड, तांब्याला ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून केलेला जोड) सहज बसतं.

फिन्स धुताना पाण्याचा मारा सरळ, फिन्सना समांतर ठेवा आणि आतून बाहेर, हवेच्या उलट दिशेने. तिरका मारा बसला की पातळ पत्रे दुमडतात आणि वाट कायमची बंद होते.

दमटहवा

धाग्यात आतापर्यंत एकाच द्रवाच्या अवस्थांतराची चर्चा झाली. एसीत दुसरंही एक चालू असतं, कॉइलच्या बाहेरच्या बाजूला: हवेतल्या वाफेचं पाणी होणं. ड्रेनच्या नळीतून गळणारं प्रत्येक किलो पाणी द्रव होताना सुमारे २४५० किलोज्यूल कॉइलवर सोडून जातं, म्हणजे ०.६८ युनिट एवढी उष्णता. दीड टन एसीची क्षमता ५.३ किलोवॅट. त्यातला पाव हिस्सा ओलावा काढण्यात गेला तर तासाला १.९ लिटर पाणी पडतं.

म्हणून दमट दिवसात आतल्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेतला फरक फक्त ८ अंश दिसला तर लगेच यंत्राला दोष देऊ नका. कोरड्या हवेत तेच यंत्र १२ दाखवेल. काम तेवढंच होतंय, त्यातला मोठा वाटा तापमापीला न दिसणारा आहे.

याउलट, खोली थंड पण चिकट वाटत असेल तर बघा: पंखा फार जोरात आहे का, किंवा खोलीच्या मानाने यंत्र मोठं आहे का. मोठं यंत्र पाच-सात मिनिटांत तापमान गाठून थांबतं. कॉइलवर जमलेलं पाणी निथळून ड्रेनपर्यंत पोचायच्या आतच पंखा ते पुन्हा हवेत उडवतो.

जाता जाता: एसीचा "टन" हा वजनाचा शब्द इथे कसा आला हे अनेकांना माहीत नसतं. २००० पौंड बर्फ २४ तासांत वितळताना जेवढ्या वेगाने उष्णता शोषतो तो वेग म्हणजे १ टन, ३.५१७ किलोवॅट. तोही अप्रकट उष्माच, वितळण्याचा, किलोला ३३४ किलोज्यूल.

निळीज्योत

व्हॅक्यूमबद्दल, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा काढण्याबद्दल, लिहायचं राहिलं होतं, आणि जास्तीत जास्त निष्काळजीपणा तिथेच होतो.

"वीस मिनिटं पंप चालवला" हे माप नव्हे. नळीत राहिलेलं पाणी काढायचं तर ते उकळवून वाफ करूनच काढावं लागतं. २५ अंशांना पाणी उकळायला दाब २३,८०० मायक्रॉनच्या खाली यावा लागतो, म्हणजे पाऱ्याच्या २३.८ मिलिमीटरच्या खाली. नेहमीच्या गेजचा काटा ५०० मायक्रॉनला आणि ५००० मायक्रॉनला एकाच जागी दिसतो. मायक्रॉन गेज हवाच, आणि तो पंपाजवळ न लावता यंत्राच्या दूरच्या टोकाला लावा. व्हॉल्व्हच्या आतली पिन काढून, जाड आणि आखूड होज वापरला तर वेळ बराच वाचतो.

५०० मायक्रॉनपर्यंत आणा, पंप व्हॉल्व्हने तोडा, १० मिनिटं बघा. चढून १५००-२००० च्या आसपास स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे. चढतच राहिला तर गळती आहे.

एक बारकावा अवस्थांतराचाच. आत पाण्याचे थेंब असताना मोठ्या पंपाने झपाट्याने दाब उतरवला तर थेंबाचा वरचा थर उकळताना खालच्या पाण्याची उष्णता ओढून घेतो. दाब ४५८० मायक्रॉनच्या, म्हणजे पाण्याच्या त्रिक बिंदूच्या (ज्याखाली द्रव पाणी टिकत नाही त्या दाबाच्या) खाली गेला की ते पाणी गोठतं. बर्फाची थेट वाफ होणं फार संथ. गेजवर आकडा चांगला दिसतो आणि बर्फ आत तसाच. अशा वेळी कोरडा नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम तोडा, थोडं थांबा, पुन्हा ओढा. असं दोन-तीनदा केलं की ओलावा नायट्रोजनबरोबर निघून येतो. पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर त्यात पाणी मिसळलंय, बदला.

ओलावा राहिला तर काय होतं? फ्रिजमध्ये तो कॅपिलरीच्या तोंडाशी, जिथे तापमान शून्याखाली जातं तिथे, गोठतो. थंडावा बंद पडतो, बर्फ वितळतो, पुन्हा सुरू होतो. हा लपंडाव दिसला की ओलावाच धरा. आणि सिंथेटिक पीओई तेल असेल तर पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन आम्ल बनतं, ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं.

ब्रेझिंग करताना नळीतून नायट्रोजनचा मंद प्रवाह चालू ठेवा. नाहीतर आतून काळी पापडी धरते आणि तीच पुढे कॅपिलरी चोक करते. दाबाच्या चाचणीलाही नायट्रोजनच, तोही रेग्युलेटर लावून आणि नेमप्लेटवरच्या दाबाच्या मर्यादेत. ऑक्सिजन कधीही नाही: तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो.

गेजवाला

+१. आर-६००ए च्या फ्रिजबद्दल भर घालतो, कारण तिथे सवयीच उलट्या कराव्या लागतात.

आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, वातावरणाच्या दाबाला उणे ११.७ ला उकळतं. मग उणे २० ला उकळवायचं तर दाब ०.७२ बार, वातावरणापेक्षा कमी. म्हणजे चालू फ्रिजमध्ये कूलिंग कॉइलची बाजू निर्वातात असते. तिथे छिद्र पडलं तर गॅस बाहेर येत नाही, हवा आणि ओलावा आत ओढला जातो. चालू फ्रिजला साबणाचा फेस लावून या बाजूची गळती सापडणारच नाही. फ्रिज बंद करून, दार उघडं ठेवून, कॉइल खोलीच्या तापमानाला आल्यावर तपासा.

गॅस एवढा थोडा, बहुतेक फ्रिजमध्ये ३० ते ६० ग्रॅम, की गेज बघून भरणं निरर्थक आहे. ग्रॅममध्ये वाचणारा काटा आणि नेमप्लेटवरचा आकडा, दुसरा मार्ग नाही. ५० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम जास्त म्हणजे दहा टक्के.

आणि हा गॅस जळतो. हवेत सुमारे १.८ टक्के झाला की ठिणगी पुरे. जड असल्याने जमिनीलगत साठतो. खिडक्या उघड्या ठेवून, गॅस बाहेर मोकळ्या हवेत काढून, नायट्रोजनने नळ्या धुऊन मगच ज्योत पेटवा. शक्य असेल तिथे ज्योत टाळून दाबून बसवायचे जोड वापरा. आर-३२ सौम्य ज्वलनशील वर्गात मोडतो, तिथेही बंद खोलीत गॅस सोडू नये.

कोरडीवारा

कॉम्प्रेसर नसलेल्या थंडाव्याचाही विचार व्हावा. ओल्या पॅडच्या कूलरमध्ये पाणी उकळत नाही, त्याचं बाष्पीभवन होतं. उष्णता हवेतूनच घेतली जाते. मर्यादा ठरवतो ओल्या फुग्याचा तापमापी, म्हणजे फुग्याला ओलं कापड गुंडाळलेला तापमापी. हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल तर ओल्या फुग्याचं तापमान सुमारे २२. पॅड ८० टक्के कार्यक्षम धरला तर १८ अंशांच्या फरकातले १४.४ मिळतात, झोत साडेपंचवीस अंशांचा. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर ओला फुगा २७ च्या वर, झोत जेमतेम २८. कूलर तोच, पाणी तेच, हवेत जागाच नाही.

म्हणूनच बंद खोलीत कूलर चालवणं ही मूलभूत चूक. हवा एकदा ओली झाली की तिला बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. तासाला ४ लिटर पाणी उडालं तर २.७ किलोवॅट उष्णता शोषली जाते, पण ते पाणी खोलीतच साठत गेलं तर अर्ध्या तासात सगळं थांबतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार टाकीत राहतात. टाकी ठरावीक दिवसांनी पूर्ण रिकामी करा, नुसतं वरून पाणी घालत राहिलं की पॅड दगडासारखे होतात.

मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमध्ये हेच तत्त्व. पाणी ६ अंशांनी निववायला त्यातलं साधारण १ टक्का उडावं लागतं. ताशी १०० घनमीटर फिरणाऱ्या टॉवरमधून १ घनमीटर उडतं. क्षार ताज्या पाण्याच्या चौपट होऊ द्यायचे ठरवलं, तर चारातून एक वजा करून त्याने भागायचं: ताशी ०.३३ घनमीटर पाणी मुद्दाम सोडून द्यावं लागतं. ते वाचवलं की कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार धरतात आणि चिलरचा (इमारतीच्या मोठ्या शीतयंत्राचा) डिस्चार्जचा दाब चढायला लागतो.

झोतहवा

लॅपटॉपमधली हीट पाइप हे याच कुटुंबातलं धाकटं भावंड. बंद तांब्याच्या नळीत हवा काढून थोडंसं पाणी, आतल्या भिंतीला सच्छिद्र तांब्याचं अस्तर. आत हवा नाही म्हणून पाणी ३०-४० अंशांनाही उकळतं. प्रोसेसरच्या टोकाला वाफ, पंख्याच्या टोकाला पाणी, आणि अस्तर ते पाणी वातीसारखं परत ओढून आणतं. ६ मिलिमीटर जाडीच्या, २० सेंटिमीटर लांब भरीव तांब्याच्या सळईतून ३० वॅट न्यायचे तर दोन टोकांत ५३० अंशांचा फरक लागेल. हीट पाइप तेवढंच काम काही अंशांत करते. ती चेपली किंवा तीव्र वाकवली की अस्तर मोडतं आणि ती साधी पोकळ नळी होऊन बसते.

अर्धवर्तुळ

शेवटची शंका. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वरचा फ्रीझर गारेगार, पण खालचा कप्पा कोमट. गेज लावण्याआधी काय बघावं?

तांबेनळी

फ्रीझरचं मागचं आवरण काढून कॉइलवरचा बर्फ बघा. त्याचा आकारच उत्तर देतो.

सगळ्या कॉइलवर सारखा, जाड, पांढरा थर असेल तर द्रव शेवटपर्यंत पोचतोय, गॅसला हात लावू नका. डीफ्रॉस्ट बंद पडलंय. हीटर, बायमेटल (तापमानानुसार उघडझाप करणारा स्विच) किंवा टायमर यांपैकी एक गेलाय. बर्फाने फिन्समधली वाट बुजली, हवा खाली जाईना, म्हणून खालचा कप्पा आधी गरम होतो. कॉइल पूर्ण वितळवा, वीज काढून हीटरची सातत्य-चाचणी घ्या. बायमेटल थंड असताना जोडलेला दिसायला हवा, खोलीच्या तापमानाला उघडा. ड्रेनचं छिद्र गोठलेलं असेल तर कोमट पाण्याने मोकळं करा. आणि बर्फ सुरीने खरवडू नका, अॅल्युमिनियमची नळी पातळ असते.

बर्फ फक्त पहिल्या दोन-तीन वळणांवर असेल आणि पुढची कॉइल कोरडी असेल, तर द्रव तिथेच संपतोय. गॅस गळलाय किंवा कॅपिलरी चोक आहे. मग निळीज्योत यांनी सांगितलेल्या पद्धतीने कंडेन्सरच्या शेवटच्या वळणांकडे जा.

कॉइलवर बर्फ बेताचाच असेल आणि खालचा कप्पा तरीही कोमट असेल तर फ्रीझरचा पंखा आणि खालच्या कप्प्याचा डॅम्पर (हवेची झडप) बघा. दाराच्या गॅस्केटमध्ये कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर बाहेरची ओली हवा तिथून आत येतेय, आणि तोच ओलावा कॉइलवर बर्फ होऊन बसतो.